प्रयोगशाळेतली तिफण

मित्रांनो, मी एक जुनी तिफण आहे. पण पेरणीसाठी मला कधी बैल जुंपले गेले नाहीत आणि माझ्या फणांना कधी माती लागली नाही. मी अकोल्याच्या एका महाविद्यालयात, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत राहते. सागवानी फळीवर एका ओळीत उभी असलेली तीन गोल पाती आणि त्या पात्यांभोवती वेटोळे घेत जाणारा, शिवणाच्या दोऱ्याएवढा बारीक काचतंतू (ऑप्टिकल फायबर), एवढेच माझे शरीर. माझे शास्त्रीय नाव ध्रुवण-नियंत्रक असे भारदस्त आहे. मला मात्र माझे घरगुती नाव अधिक आवडते आणि ते मला कसे मिळाले, हे सांगताना माझी मान आजही ताठ होते.

आधी माझे काम समजून घ्या. एक दोर खांबाला बांधा आणि त्याचे दुसरे टोक हातात धरून वरखाली हलवा. दोरातून लाट जाईल. आता तेच टोक आडवे हलवा. लाट पुन्हा जाईल, पण तिच्या थरथरण्याची दिशा बदललेली असेल. टोक गोल फिरवले, तर लाटही फिरत फिरत जाईल. प्रकाशसुद्धा असाच थरथरत पुढे जातो. त्याच्या थरथरण्याच्या या ढबीला ध्रुवण म्हणतात. काचतंतूतून जाताना ही ढब सहज बदलते. तंतू वाकला, पिळला गेला, तापला, एवढेच काय, वाऱ्याने हलला तरी ती बदलते. माझी पाती फिरवली, की त्यांच्यावरचा तंतू पिळला जातो आणि आत जाणाऱ्या प्रकाशाला हवी ती ढब देता येते. काचतंतूंच्या जोडणीतला एखादा सुटा भाग सगळ्या ढबींच्या प्रकाशाला सारखाच वागवतो की भेदभाव करतो, हे तपासण्यासाठी माझा जन्म झाला.

माझ्या जन्माला बारा वर्षे झाली. रागिणी मॅडम तेव्हा परगावचे संशोधन संपवून अकोल्याला नुकत्याच रुजू झाल्या होत्या. माझ्यासारखे उपकरण बाहेरून मागवायचे, तर मंजुरीलाच दोन वर्षे गेली असती. म्हणून त्यांनी वहीच्या कागदावर एक आकृती काढली आणि प्रयोगशाळा परिचर जानराव यांच्यापुढे ठेवली. जानराव मूळचे बाळापूरकडचे, शेतकरी घरातले. त्यांनी आकृती उलटसुलट पाहिली आणि म्हटले, "मॅडम, हे त तिफनच होय."

त्या दिवसापासून मी तिफण झाले.

जठारपेठेत नावाच्या पाट्या करणारे एक दुकान आहे. तिथून जानरावांनी काळ्या ॲक्रिलिकच्या उरलेल्या तुकड्यांतून माझी पाती कापून आणली. त्यांतला एक तुकडा कोणा डॉक्टरच्या बिघडलेल्या पाटीचा होता. माझ्या तिसऱ्या पात्याच्या आतल्या बाजूला 'डॉ.' ही खूण अजूनही पुसट दिसते. माझी फळी मोडक्या टेबलाच्या खणाची आहे. पितळी स्क्रू जानरावांनी कुठून आणले, ते त्यांनी कोणालाच सांगितले नाही.

घडताना एक चूक झाली. जानरावांनी तिन्ही पात्यांवर काचतंतूचे चार चार वेढे घातले. शेतातल्या तिफणीचे तिन्ही फण सारखे असतात. एकातून जास्त आणि एकातून कमी बी पडले, तर ती तिफण कसली? मॅडमनी पाहिले आणि समजावले, की इथे मधल्या पात्याला कडेच्यांपेक्षा दुप्पट काम करायचे असते. म्हणून वेढे तीन, सहा आणि तीन हवेत. जानरावांना ते पटायला अख्खी दुपार लागली. मग त्यांनी सगळा तंतू उलगडला आणि पुन्हा गुंडाळला. उलगडताना तो एकदाही तुटला नाही. ज्यांनी काचतंतू हाताळला आहे, त्यांना यातली करामत कळेल.

पहिल्या चार-पाच वर्षांत मी खूप काम केले. मॅडमचे विद्यार्थी माझ्या एका टोकाला लेसर जोडत, दुसऱ्या टोकाला तपासायचा भाग आणि त्यापुढे प्रकाश मोजणारा मीटर. मग पाती हळूहळू फिरवत. प्रकाशाची ढब बदलत जाई आणि मीटरवरचा आकडा कधी थोडा वर, तर कधी थोडा खाली जाई. सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा यांतील फरक, तेवढा त्या भागाचा भेदभाव. हा फरक जितका कमी, तितका भाग चांगला.

याच काळात आमच्या प्रयोगशाळेत एक प्रथा सुरू झाली. एका एप्रिलमध्ये बाहेरगावचे प्राध्यापक पाहुणे म्हणून आले होते. मॅडमनी माझी पाती ठरावीक कोनांवर लावून मीटरवर एक आकडा अगदी स्थिर करून ठेवला होता. तो स्थिर आकडाच पाहुण्यांना दाखवायचा होता. पाहुणे आत आले, घामाघूम झालेले. जानरावांनी आदराने कूलर ओढून आणला आणि त्याचे तोंड थेट पाहुण्यांकडे, म्हणजे टेबलाकडे केले. पुढच्याच क्षणी मीटरवरचा आकडा नाचू लागला. पाहुण्यांच्या चेहऱ्यावर दया दिसू लागली. ते गेल्यावर जानरावांनी कूलर भिंतीकडे वळवला आणि त्याच्या चार पायांभोवती फरशीवर रंगाने खुणा केल्या. त्यानंतर अकोल्याच्या पंचेचाळीस अंशांतही आमचा कूलर भिंतीलाच वारा घालत राहिला. नवी मुले दरवर्षी विचारत, "काका, भिंतीले ताप आला काय?" जानराव उत्तर देत नसत. ज्याला काम करायचे आहे, त्याला कधीतरी कळेल, असे त्यांचे मत होते.

मग माझ्या वाट्याला उपेक्षा आली. मॅडमचा प्रकल्प संपला आणि अभ्यासक्रम बदलला. मला लोखंडी कपाटावर ठेवण्यात आले. कोणी माझ्या मधल्या पात्यावर किल्ल्या अडकवी, तर कोणी फळीवर चहाचा ग्लास ठेवी. एकदा जुने सामान निकाली काढायला समिती आली. त्यांच्या नोंदवहीत मी सापडलेच नाही, कारण मी कधी विकत घेतलेली वस्तूच नव्हते. जे नोंदवहीत नाही, ते भंगारात काढायचे कसे, असा प्रश्न समितीला पडला आणि मी वाचले. कागदावर नसण्याचा मला तेवढाच एक फायदा झाला. जानराव मात्र दर शनिवारी कोरड्या मऊ कापडाने माझी पाती पुसत आणि प्रत्येक पाते एकदा मागे, एकदा पुढे फिरवून ठेवत. सांधे धरू नयेत, एवढाच त्यांचा हेतू होता.

गेल्या वर्षी दीपमाला एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आली. तीही बाळापूर तालुक्यातलीच. तिची आई, भागीरथा, पेरणीच्या दिवसांत लोकांच्या शेतांवर चाड्यावर मूठ धरायला जात असे. मित्रांनो, तिफणीच्या वर जे लाकडी वाटीसारखे असते, ते चाडे. त्यात मुठीने बी सोडायचे असते. मूठ घाईने सुटली तर बी दाट पडते आणि अडखळली तर ओळीत जागा रिकामी राहते. ट्रॅक्टर आल्यापासून भागीरथाबाईंना कोणी बोलावत नाही. पण मुलीला शिकवायला ती मूठ शिल्लक होती. दीपमालाने पहिल्यांदा माझ्या पात्यांवर हात ठेवला, तेव्हा ती मूठ घाईने फिरली नाही आणि कुठे अडखळलीही नाही. जानराव लांबून पाहत होते. "तुह्या मायची मूठ होय ही," ते म्हणाले. एवढेच म्हणाले आणि कपाट आवरू लागले.

दीपमालाला प्रकल्पासाठी काम मिळाले ते योगेशमुळे. योगेश हा मॅडमचा माजी विद्यार्थी. अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीत त्याने छोटासा कारखाना काढला आहे. तिथे सहा मुली दोन काचतंतू बारीक ज्योतीवर वितळवून एकमेकांत जोडतात. त्या भागाला कपलर म्हणतात. एका तंतूतला प्रकाश तो दोन वाटांनी वाटून देतो. योगेशला पहिल्यांदाच मोठ्या कंपनीने विचारले होते. वीस नमुने पाठवा. ध्रुवणामुळे पडणारा फरक डेसिबलच्या, म्हणजे प्रकाशाची घट मोजण्याच्या मापाच्या, एक दशांशाहून कमी असेल, तर पुढचे वर्षभराचे काम तुमचे. न जमल्यास कारखाना बंद करून नोकरी शोधण्याची तयारी योगेशने मनाशी केली होती आणि त्या सहा मुलींना ते ठाऊक होते.

दीपमालाने वीसही कपलर माझ्या मदतीने मोजले. एकेका कपलरला तिने अर्धा अर्धा तास दिला. एकोणीस उत्तम निघाले. सतरावा मात्र वाईट होता. त्यातला फरक मर्यादेच्या तिपटीहून अधिक भरला. तिने तसे लिहून दिले. पण कंपनीला स्वयंचलित यंत्राचा अहवाल हवा होता. तसे यंत्र अमरावतीच्या एका चाचणी केंद्रात नुकतेच आले होते. ते स्वतःच प्रकाशाच्या ठरावीक ढबी तयार करते, त्या भागातून पाठवते आणि मिनिटाभरात उत्तर छापते. योगेश खोका घेऊन तिथे गेला. यंत्राने विसांपैकी वीस नापास केले.

त्या संध्याकाळी प्रयोगशाळेत मॅडमनी दीपमालाला स्पष्ट सांगितले, की दोन्ही मापने बरोबर असू शकत नाहीत आणि तिची चुकीची निघाली, तर प्रकल्पावर त्या सही करणार नाहीत. त्यांचा स्वर कठोर नव्हता. म्हणूनच दीपमालाला ते जास्त लागले असावे. ती थोड्या वेळाने जानरावांना म्हणाली, "काका, तिफन घेऊन अमरावतीले जाऊ."

अशा रीतीने मी आयुष्यात पहिल्यांदा प्रवासाला निघाले. मला जुन्या दुपट्ट्यात गुंडाळून स्टीलच्या मोठ्या डब्यात ठेवले होते. एस.टी.त जानरावांनी डबा मांडीवरून खाली ठेवला नाही. मूर्तिजापूरला एक बाई चढल्या आणि डब्यात काय आहे, हे त्यांनी दोनदा विचारले. तिफण आहे, असे जानरावांनी सांगितल्यावर त्या पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

अमरावतीच्या केंद्रात प्रीतम नावाचा तरुण तंत्रज्ञ होता. कामात नेटका, यंत्रावर धुळीचा कण बसू न देणारा. योगेश आधीच येऊन बसला होता. मला डब्यातून बाहेर काढताच प्रीतमने निरखून पाहिले आणि पात्यावरची खूण वाचली. "डॉक्टरही सोबत आनला काय?" तो हसून म्हणाला. जानराव गंभीरपणे म्हणाले, "पेशंट कोन हाय, ते पायले आलो."

मोजणी सुरू झाली. कपलर क्रमांक एक. दीपमालाने माझी पाती फिरवायला घेतली. शेताच्या एका धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, दुसऱ्या धुऱ्यापर्यंत जावे तशी ती सगळ्या ढबींमधून गेली. कुठेही जागा सोडली नाही. फरक आला शून्य पूर्णांक शून्य सहा. अकोल्यात तेवढाच आला होता. मग तोच कपलर यंत्राला जोडला. यंत्राने छापले, शून्य पूर्णांक चोवीस. प्रीतमने खांदे उडवले. यंत्र नवे होते, प्रमाणित होते आणि मी खणाच्या फळीची.

दीपमालाने तोच कपलर, काहीही न बदलता, यंत्रावर पुन्हा मोजायला सांगितला. आता आले शून्य पूर्णांक सतरा. तिसऱ्यांदा शून्य पूर्णांक एकतीस. प्रीतमच्या चेहऱ्यावरचे हसू गेले. तो प्रामाणिक माणूस होता. एकच वस्तू तीनदा मोजून तीन उत्तरे आली, तर काय समजायचे, हे त्याला शिकवावे लागत नव्हते. त्याने जोडण्या पुसल्या आणि लेसर तपासला. काही फरक पडला नाही.

दीपमाला मात्र आता यंत्राकडे पाहत नव्हती. ती खोलीच्या कोपऱ्याकडे पाहत होती. तिथे एक मोठा कूलर होता आणि त्याचे तोंड थेट टेबलाकडे होते. यंत्रापासून कपलरपर्यंतचा हातभर काचतंतू टेबलावर मोकळा पडला होता आणि वाऱ्याने अगदी किंचित, डोळ्यांना जेमतेम दिसेल इतका हलत होता.

"सर, कूलर इकडं काऊन केला?" तिने विचारले.

प्रीतमने सांगितले, की इतके महागाचे यंत्र तापू नये म्हणून. वातानुकूलन यंत्रणा मंजूर आहे, पण बसायची आहे. तोवर यंत्राला वारा मिळावा, म्हणून त्यानेच तो तसा ठेवला होता. सकाळी आल्यावर तो स्वतःच्या खुर्चीकडेही कूलर वळवत नसे. मित्रांनो, मला त्या क्षणी त्याच्याविषयी राग आला नाही. त्याने काळजीच घेतली होती.

दीपमालाने जानरावांकडे पाहिले. आपल्या प्रयोगशाळेतला कूलर भिंतीला वारा का घालतो, हे तिला दोन वर्षांनी, नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर दूर येऊन कळले होते. जानराव उठले आणि त्यांनी कूलरचे बटण बंद केले.

मे महिन्यातली दुपार होती. दहा मिनिटांत सगळ्यांचे सदरे पाठीला चिकटले. प्रीतमने मोकळा तंतू पट्टीने टेबलाला चिकटवला, कोऱ्या जोडणीची, म्हणजे कपलर मधे नसतानाच्या प्रकाशाची, नोंद नव्याने घेतली आणि कपलर पुन्हा मोजला. शून्य पूर्णांक शून्य सहा. पुन्हा मोजला. तेवढाच.

यात माझी काही जादू नव्हती, हे मला सांगितले पाहिजे. यंत्र मोजक्या ढबींवर विसंबून हिशेब मांडते. मधेच वाऱ्याने तंतू हलवला, तर त्या ढबी त्याच्या नकळत बदलतात. मला मात्र सगळ्याच ढबींमधून जायचे असते. वाऱ्याने मला थोडे इकडे, थोडे तिकडे ढकलले, तरी ती जागा माझ्या वाटेत येणारच असते. म्हणून त्या वाऱ्यात यंत्र गोंधळले आणि मी गोंधळले नाही. यंत्र माझ्याहून शंभरपट वेगवान आहे, हेही तितकेच खरे आहे.

संध्याकाळपर्यंत एकोणीस कपलर यंत्रावरही उत्तीर्ण झाले. राहिला सतरावा. त्याचा आकडा यंत्राने दिला शून्य पूर्णांक चौतीस. माझा होता तेहेतीस. योगेश दिवसभर घामाने भिजून बसला होता. आता त्याच्या चेहऱ्यावर आशा होती आणि आशेने माणूस कधी कधी थोडा वाकतो. त्याने दीपमालाला हळूच म्हटले, की सतरावाही वाऱ्यानेच बिघडला असे लिहिले, तर कोणाला काय कळणार. विसाला वीस गेले, की कंपनीला बरे दिसेल. त्या मुलींनी रात्रंदिवस काम केले आहे.

त्या सहा मुलींपैकी दोघी दीपमालाच्याच गल्लीत खोली करून राहत होत्या. तिने सतरावा कपलर उचलून खोक्यात वेगळा ठेवला.

"दादा, सतराव्याले पास केलं, त बाकीच्या एकोनीसाले खरं कोन मानन?"

योगेशने खिशातून पेन काढले आणि सतराव्यावर स्वतःच्या हाताने फुली मारली. कंपनीला त्याने एकोणीस कपलर पाठवले आणि सतरावा का पाठवला नाही, ते सोबत लिहिले. पंधरा दिवसांनी उत्तर आले. काम त्यालाच मिळाले. कंपनीच्या पत्रात कपलरांविषयी एक ओळ होती आणि त्या न पाठवलेल्या सतराव्याविषयी दोन.

प्रीतमने मला डब्यात ठेवण्याआधी माझ्या वेढ्यांचे फोटो काढून घेतले. अकोल्याच्या कूलरची हकिगत ऐकून त्याने आपलाही कूलर भिंतीकडे वळवला आणि फरशीवर खुणा कशाने केल्या, ते जानरावांना विचारले. तैलरंगाने कर, पाण्याने जात नाही, असे जानरावांनी सांगितले.

दीपमालाचा प्रकल्प मेच्या शेवटी बांधून आला. मॅडमनी टेबलाशी बसून तो पानोपान वाचला. वापरलेल्या उपकरणांच्या यादीत लेसर होता, मीटर होता आणि तिसऱ्या क्रमांकावर लिहिले होते: 'तिफण (तीन पात्यांचा ध्रुवण-नियंत्रक). निर्माते: जानराव, प्रयोगशाळा परिचर.' मॅडमचे पेन त्या ओळीवर थांबले. असे घरगुती नाव अहवालात लिहीत नाहीत, हे त्यांना माहीत होते आणि दीपमालालाही. मॅडमनी पान उलटले आणि शेवटी सही केली.

जानरावांची निवृत्ती त्याच आठवड्यात होती. दीपमालाने ते पान त्यांच्यापुढे धरले. त्यांनी चष्मा लावून ती ओळ वाचली. मग बोट ठेवून पुन्हा वाचली. "पगाराच्या कागदाशिवाय कुठं माह्यं नाव पैल्यांदाच पायलं," ते म्हणाले. आणि तो दिवस शनिवार नसतानाही त्यांनी खिशातून मऊ कापड काढले आणि माझी तिन्ही पाती पुसली.

मित्रांनो, आता मी पुन्हा टेबलावर आहे. जानराव निवृत्त झालेत, म्हणून शिक्षण संपले तरी दर शनिवारी दीपमाला येऊन माझी पाती मागे-पुढे फिरवते. तिच्यानंतर कोणी येईल, तेव्हा त्याला माझे एवढेच सांगणे आहे. माझी काळजी जरूर घ्या. पण आधी मला काय सोसते आणि काय सोसत नाही, ते जाणून घ्या. नुसत्या मायेनेही माप चुकते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. पात्यांवर हात ठेवाल, तेव्हा घाई करू नका आणि मधेच अडखळू नका. एकही जागा रिकामी सोडू नका. जो आकडा येईल, तो सोयीचा असो वा नसो, तसाच लिहा. आणि कूलर भिंतीकडेच राहू द्या. मात्र नव्या मुलांनी कारण विचारले, तर त्यांना ते नक्की सांगा.